आपला उमेदवार नसलेली निवडणूक

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गिरीज गावच्या मतदाराने 2009 पासून लोकसभेसाठी पाच वेळा बोटाला शाई लावून घेतली. चार सार्वत्रिक निवडणुका आणि 2018 ची एक पोटनिवडणूक. पाचही वेळा यंत्रावरच्या नावांत कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, नव्हता, सामवेदी ब्राह्मण नव्हता, वाडवळ, आगरी किंवा भंडारी नव्हता. असणं शक्यच नव्हतं. पालघर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. उमेदवार वारली असेल, कोकणा असेल, मल्हार कोळी, ठाकर किंवा कातकरी असेल. पण गिरीज, गास, भुईगाव, सांडोर या पट्ट्यातल्या बहुतेक घरांचा त्याच्याशी ना सोयरिकीचा संबंध, ना बोलीचा, ना बाजाराचा. तरी ही माणसं मतदानाला जातात आणि त्यांच्या मतांवाचून इथे कुणी सहज निवडूनही येत नाही.

जाती, जमाती, धर्म आणि भाषा यांनी चिरलेल्या देशात संसदेची निवडणूक घ्यायची कशी, या प्रश्नावर जगात बरीच डोकेफोड झाली आहे. अभ्यासकांचे ढोबळमानाने दोन पंथ. आरेंड लाइपहार्ट यांचं म्हणणं, प्रत्येक समाजाला त्याचा वाटा आधीच ठरवून द्या, त्यांच्या पुढाऱ्यांना सत्तेत एकत्र बसवा, म्हणजे भांडण मिटेल. डोनाल्ड हॉरोविट्झ यांचं म्हणणं नेमकं उलटं. निवडणुकीची रचनाच अशी करा, की परक्या समाजाची मतं मागितल्याशिवाय कुणाला जिंकताच येऊ नये. लेबनॉनने पहिला रस्ता धरला. तिथल्या संसदेत 128 जागा, त्यांतल्या निम्म्या ख्रिस्ती आणि निम्म्या मुस्लिम, आणि त्यांच्याही आत पंथवार वाटणी. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. बोस्नियाने तर राष्ट्राध्यक्षपदच तिघांत वाटलं, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. या तिन्हींत न बसणाऱ्या दोघांनी, एक रोमा आणि एक ज्यू, स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. 2009 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि बोस्नियाने त्यानंतर वर्षानुवर्षं घटना बदलली नाही.

भारताने या दोन रस्त्यांची जी सांगड घातली, ती कागदावर सोपी दिसते. जागा राखीव, मतदार सगळे. उभा राहणार एका समाजाचा, त्याला निवडणार गावातला प्रत्येक माणूस. या सांगडीचं प्रत्यक्षात काय होतं, ते पाहायला पालघरइतका चांगला मतदारसंघ महाराष्ट्रात नाही. नंदुरबार, दिंडोरी आणि गडचिरोली-चिमूर याही अनुसूचित जमातींसाठी राखीव जागाच, पण त्यांच्यापैकी एकीच्याही पोटात वसई-विरारएवढं शहर नाही.

ही सांगड काही घटना समितीला एका रात्रीत सुचलेली नाही. 1909 च्या सुधारणांनी मुसलमानांना वेगळे मतदारसंघ दिले. मुसलमान मुसलमानालाच मत देणार. 1932 च्या जातीय निवाड्याने हेच तत्त्व अस्पृश्य वर्गांना लावलं, त्यावरून येरवड्यात गांधीजींचं उपोषण झालं आणि 24 सप्टेंबर 1932 ला पुणे करार झाला. या करारातच ‘राखीव जागा, संयुक्त मतदार’ हा मार्ग पक्का झाला. बाबासाहेब आंबेडकरांना तो किती मनापासून पटला होता, हा वेगळा विषय. त्यांनी पुढे त्यावर सडकून टीका केली. वसईकरांसाठी महत्त्वाचा टप्पा 1935 च्या कायद्याचा. या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत 175 जागा आखल्या, आणि त्यांत भारतीय ख्रिस्त्यांसाठी 3 जागा होत्या. मागास प्रदेश आणि जमातींसाठी किती? एक. शिवाय सर्वसाधारण जागांपैकी सात मराठ्यांसाठी राखीव. म्हणजे 1937 ची निवडणूक ही आजच्या लेबनॉनच्या चुलतभावासारखीच होती.

स्वातंत्र्यानंतर हे गाठोडं सोडलं गेलं, आणि ते सोडण्यात ख्रिस्ती पुढाऱ्यांचा हात मोठा होता. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. मद्रासकडचे फादर जेरोम डिसूझाही समितीत होते. धार्मिक अल्पसंख्याकांना राखीव जागा नकोत, या बाजूला ते उभे राहिले आणि मे 1949 मध्ये तसा निर्णय झाला. राखीव जागा उरल्या त्या अनुसूचित जाती आणि जमातींना. अँग्लो-इंडियनांना नेमणुकीच्या दोन जागा मिळाल्या, त्याही जानेवारी 2020 मध्ये बंद झाल्या. गिरीजच्या कुपाऱ्याचं मत तेव्हापासून एका मोठ्या सामायिक यादीतलं मत झालं. त्याला संरक्षण नाही, त्याच्यावर निराळा शिक्काही नाही. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. त्याची किंमत पडली नाही, असं मात्र नाही.

पहिल्या दोन निवडणुकांतला प्रकार आज बहुतेकांच्या आठवणीतून गेला आहे. 1952 साली ठाणे मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे होते, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक राखीव जागेवर. प्रत्येक मतदाराला दोन मतं. निवडून आले काँग्रेसचे गोविंद धर्माजी वर्तक, म्हणजे ज्यांच्या नावाचं कॉलेज वसई रोडला आहे ते अण्णासाहेब, आणि त्यांच्या जोडीला अनंत सावळाराम नांदकर. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत त्याच ठाण्यातून कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर गेले, जोडीला लक्ष्मण महादू मातेरा. बंदरपट्टीचा एक आणि जंगलपट्टीचा एक, अशी ती खासदारांची जोडी. व्यवस्था वाईट नव्हती. ती बुडाली आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये. 1957 साली तिथे दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार निवडून आले, कारण राखीव समाजाच्या माणसाला सर्वसाधारण जागेवरही मतं मिळू शकत होती. पडलेल्यांत होते व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झाले ते. ते कोर्टात गेले आणि तिथेही हरले. 1961 साली संसदेने दुहेरी मतदारसंघच मोडीत काढले. आदिवासींनी एक जागा घेतली तर हरकत नाही, दोन घेतल्या तर व्यवस्थेतच खोट, असा त्यातून निघणारा अर्थ मला तरी टाळता येत नाही.

तेव्हापासून राखीव जागा म्हणजे अख्खा मतदारसंघ राखीव. डहाणू ही जागा अशी घडली. 1967 ला जव्हारचे माजी संस्थानिक यशवंतराव मुकणे, 1971 ला लक्ष्मण दुमाडा, 1977 ला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम. मग 1980 पासून दामोदर शिंगडा सलग चार वेळा. 1996 ला भाजपचे चिंतामण वनगा, 1998 ला काँग्रेसचे शंकर नम, 1999 ला पुन्हा वनगा, 2004 ला पुन्हा शिंगडा. या यादीत बाई एकही नाही. डहाणू-तलासरीत गोदावरी परुळेकर आणि शामरावांनी 1945 पासून वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना उभं केलं, त्या लाल बावट्याची मतं दर निवडणुकीत ठरलेल्या गावांतून ठरल्यासारखी पडत राहिली. त्याला उत्तर म्हणून तलासरीत वनवासी कल्याण केंद्राचं वसतिगृह चालत होतं, आणि वनगा त्याच वसतिगृहातून पुढे आले. तेव्हा डहाणूची लढत परक्या समाजाशी नव्हतीच. ती आदिवासींच्याच दोन घरांतली, बावट्याची आणि वसतिगृहाची होती. काँग्रेस या दोघांच्या मधून वाट काढत होती.

वसई त्या वेळी या चित्रात कुठेच नव्हती. 2008 ची पुनर्रचना होईपर्यंत वसई होती उत्तर मुंबईत, बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगावच्या जोडीला. 1989 ते 1999 सलग पाच वेळा तिथून राम नाईक गेले. 2004 ला विरारमध्ये वाढलेल्या गोविंदाने त्यांना 48,271 मतांनी पाडलं. तिथला खासदार लोकलचे डबे, विरारची गाडी आणि फलाटांच्या लांबीवर बोलायचा, आणि त्याने तेच बोलावं अशीच अपेक्षा होती. गिरीजच्या मतदाराला तो परका वाटला असेल, पण त्याच्या समाजाच्या कुणाला उभं राहायला कायद्याची आडकाठी नव्हती. विधानसभेला तर 1985 मध्ये वसईतून जनता पक्षाचे डॉमनिक घोन्साल्विस निवडून आलेही होते.

2008 च्या पुनर्रचनेने डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई अशा सहा विधानसभा एकत्र बांधून पालघर लोकसभा केली. पहिल्या चार राखीव, शेवटच्या दोन खुल्या. कायद्याचा नियम असा, की ज्या भागात आदिवासींचं प्रमाण सर्वाधिक, तिथली जागा राखीव. जिल्ह्याचा हिशेब केला तर 2011 च्या जनगणनेत सुमारे 30 लाख लोकवस्तीतले 37 टक्के आदिवासी. पण ते पसरलेले कसे? जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीत प्रचंड बहुसंख्य आणि वसईच्या शहरी भागात नगण्य. एकट्या वसई-विरार शहराची वस्ती तेव्हाच 12 लाखांवर होती, आणि नालासोपाऱ्यात आज पाच लाखांहून अधिक मतदार आहेत. जागा राखीव झाली जंगलपट्टीच्या संख्येवर. निकाल मात्र बहुतेक वेळा ठरतो तो नालासोपारा पूर्वेच्या चाळींत.

2009 हे वर्ष त्यासाठी बारकाईने पाहावं लागतं. त्या एका वर्षात गिरीज, नाळे, निर्मळच्या पट्ट्याने तीन धक्के बसताना पाहिले, आणि त्यांतला एक स्वतः दिला.

एप्रिलअखेर लोकसभेचं मतदान झालं. बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव 2,23,234 मतं घेऊन जिंकले. वनगांना 2,10,874 पडली. फरक 12,360. काँग्रेसचे शिंगडा दीड लाखांवर, माकपचे लहानू कोम नव्वद हजारांवर. म्हणजे डहाणूच्या जुन्या लढतीतले तिन्ही भिडू मैदानात होते आणि तिघेही हरले. जिंकला तो पक्ष, ज्याचं बळ विरार-नालासोपाऱ्यात होतं आणि ज्याचे नेते हितेंद्र ठाकूर स्वतः या जागेवर उभेच राहू शकत नव्हते. राखीव जागेचं हे रूप घटनाकारांच्या डोळ्यांसमोर होतं का, कोण जाणे. उमेदवार आदिवासी, पण त्याला उभं करणारी, निवडून आणणारी, त्याचा अर्ज भरायला गाड्यांची रांग लावणारी यंत्रणा बंदरपट्टीची.

मग 3 जुलै 2009. वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि 53 गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. पश्चिम पट्ट्यातल्या गावांनी याला कडाडून विरोध केला. भाजीचे वाफे, केळीच्या बागा, पानवेली, फुलशेती आणि बावखलं, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारी तळी, असलेल्या या भागात महापालिका म्हणजे आज कर, उद्या रस्ते आणि परवा टॉवर, असा सरळ हिशेब लोकांनी मांडला. त्याची पूर्वपीठिका होतीच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली होती. त्या लढ्यात चर्चमधली माणसं होती तशी देवळातलीही होती.

आणि इथेच बाहेरचा विश्लेषक चुकतो. तो पश्चिम पट्टा पाहतो, चर्चचे मनोरे मोजतो आणि ‘ख्रिस्ती मतपेढी’ असा शेरा मारून पुढे जातो. गिरीजमध्ये धर्माने माणसं दोन रांगांत उभी राहत नाहीत. सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण हे एकाच मुळाचे. पोर्तुगीज 1534 च्या सुमारास आले आणि 1739 ला चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं, मधल्या दोनशे वर्षांत घराण्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बोली मात्र दोघांचीही कादोडी. शेती तीच, विहिरीचं पाणी खारं होत चालल्याची तक्रार तीच. हिराडोंगरीवर वज्रगडाचे अवशेष आणि दत्ताचं देऊळ, खाली क्रूस असलेली अंगणं, आणि दोघांच्या शेतात एकच भाजी, जी त्याच सकाळच्या गाडीने मुंबईला जाते. इथे मतं फुटतात ती गाव आणि शहर या रेषेवर. धर्माची रेष आहे, ती मी नाकारत नाही. दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा उस्मानाबादेत 2020 साली कोण कशासाठी विरोधाला उभं राहिलं, ते सगळ्यांनी पाहिलं. पण स्थानिक निवडणुकीत ती रेष क्वचितच पहिली असते.

ऑक्टोबर 2009 ला त्याचा पुरावा मिळाला. विधानसभेला वसईतून अपक्ष विवेक पंडित जिंकले. 1990 पासून ठाकूरांच्या हातातली जागा त्यांच्या पक्षाच्या हातून गेली. पंडितांचं काम कुठलं? श्रमजीवी संघटना, वेठबिगारांची सुटका, वसईच्या पूर्वेकडच्या डोंगरपायथ्याची आदिवासी गावं. तुंगारेश्वराच्या बाजूचा वारली आणि अरबी समुद्राच्या बाजूचा कुपारी यांच्यात समान काय होतं? जमीन जाण्याची भीती. या एका धाग्यावर दोन टोकांच्या समाजांनी एकच खूण दाबली. सहा महिन्यांपूर्वीच्या लोकसभेत ज्या वसईने ठाकूरांचा उमेदवार दिल्लीला पाठवायला हातभार लावला, त्याच वसईने विधानसभेला त्यांचा माणूस पाडला. हॉरोविट्झ यांना परक्या मतांची मोट बांधणारी जी निवडणूक हवी होती, ती मतदानपद्धतीच्या कुठल्याही करामतीशिवाय इथे झाली. आणि ती राखीव जागेवर झाली नाही, खुल्या जागेवर झाली, हे ध्यानात ठेवायला हवं.

2011 मध्ये सरकारने 29 गावं महापालिकेतून वगळण्याचा निर्णय घेतला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. पंडित 2014 ला पुन्हा निवडून आले नाहीत, जागा ठाकूरांकडे परतली. मोट सुटली.

2014 ची लोकसभा फार बोलावं अशी नाही. मोदी लाटेत वनगांना 5,33,201 मतं, जाधवांना 2,93,681. लाट आली की समाज, पट्टे, बोली सगळं पाण्याखाली जातं. खाली काय आहे ते कळायला ओहोटी लागते. ती लागली 2018 च्या मे महिन्यात.

जानेवारी 2018 मध्ये वनगांचं दिल्लीत निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेच्या धनुष्यबाणावर, आणि काँग्रेसच्या सरकारात आदिवासी विकास राज्यमंत्री राहिलेले राजेंद्र गावित भाजपच्या कमळावर. घरचा मुलगा शेजाऱ्याकडे आणि शेजाऱ्याचा पाहुणा घरात. शिवाय जाधव, माकपचे किरण गहला आणि काँग्रेसचे शिंगडा. प्रत्येक पक्ष स्वतंत्र लढल्यामुळे या मतदारसंघाचा असा स्वच्छ एक्स-रे ना आधी निघाला, ना नंतर. गावित 2,72,782, वनगा 2,43,210, जाधव 2,22,838, गहला 71,887, शिंगडा 47,714. विजेत्याला एकूण मतांपैकी तिसरा हिस्साही मिळाला नाही. मतदानही जेमतेम 53 टक्के. उन्हाने यंत्रं बंद पडल्याच्या तक्रारी दिवसभर येत होत्या.

त्या प्रचारात कोण कुठे आलं, ते पाहण्यासारखं होतं. भाजपने उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांची सभा विरारला लावली. का, ते उघड होतं. नालासोपाऱ्यातला पूर्वांचली मतदार. त्या सभेवरून शिवसेनेने, शिवाजी महाराजांच्या प्रतिमेला हार घालताना आदित्यनाथ यांच्या पायात खडावा होत्या, हा मुद्दा उचलला. आदिवासी खासदार निवडायचा, आणि रण माजलं ते गोरखपूर विरुद्ध मातोश्री असं. जव्हार-मोखाड्यातलं कुपोषण, रोजगार हमीची थकलेली मजुरी, वनहक्काचे प्रलंबित दावे या गोष्टी भाषणाच्या शेवटच्या पाच मिनिटांत. राखीव जागेवरचा उमेदवार आदिवासी असतो, म्हणून निवडणूक आदिवासींची होते असं नाही. पालघरने हे जितकं उघडं केलं, तितकं दुसऱ्या कुठल्या जागेने केलं असेल असं मला वाटत नाही.

2019 ला युती झाली, जागा शिवसेनेकडे गेली आणि जागेबरोबर गावितही शिवसेनेत गेले. गावित 5,80,479, जाधव 4,91,596. काँग्रेस आणि माकपने उमेदवार दिला नव्हता. 2018 च्या आकड्यांशी हे लावून पाहिलं तर गंमत कळते. वर्षभरापूर्वी भाजप आणि सेनेची बेरीज 5,15,992 होती, ती 64 हजारांनी वाढली. जाधव, गहला आणि शिंगडा यांची बेरीज 3,42,439 होती, ती जवळपास दीड लाखाने वाढली. म्हणजे लाल बावट्याचा आदिवासी, पश्चिम पट्ट्यातला शेतकरी आणि नालासोपाऱ्यातला आघाडीचा मतदार एका खुणेवर येऊ शकतात, आणि आले तर एकमेकांची मतं पळवत नाहीत. तरी ते हरले. त्याच निवडणुकीत 29,479 लोकांनी ‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबलं, आणि तिसरा क्रमांक या बटणाचा लागला. त्यांतले किती जंगलपट्टीतले आणि किती शहरातले, यावर पुष्कळ तर्क झाले. राखीव जागांवर हे बटण जास्त दाबलं जातं, असं देशभर दिसलं आहे. काहींच्या मते तो बिगरआदिवासी मतदाराचा रुसवा, काहींच्या मते दुर्गम भागात यंत्राचा नीट परिचय नसल्याचा परिणाम. मला पहिलं कारण अपुरं वाटतं. गडचिरोलीतही ते खूप दाबलं जातं, आणि तिथे शहरी रुसवा आणायचा कुठून?

20 मे 2024 चं मतदान झालं तेव्हा चित्र पुन्हा बदललं होतं. दोन्ही मोठे प्रादेशिक पक्ष फुटलेले. गावितांना उमेदवारी मिळाली नाही, ते भाजपत परतले, आणि वर्ष संपायच्या आत शिंदे यांच्या शिवसेनेतून पालघरचे आमदार झाले. (पक्ष बदलण्यात त्यांनी जो वेग गाठला, तो विरार लोकलला अजून जमलेला नाही.) भाजपने माजी आदिवासी विकास मंत्री विष्णू सवरा यांचे पुत्र डॉ. हेमंत सवरा यांना उभं केलं, ठाकरेंच्या शिवसेनेने जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्षा भारती कामडी यांना, बहुजन विकास आघाडीने राजेश पाटील यांना. सवरा 6,01,244, कामडी 4,17,938, पाटील 2,54,517. फरक 1,83,306. मागच्या दोघांची बेरीज सवरांहून 71 हजारांनी जास्त भरते. अशा बेरजा कागदावरच शोभतात, हे खरं. पाटलांचा प्रत्येक मतदार कामडींकडे गेला असता असं कुणी म्हणू नये.

त्या निवडणुकीत पश्चिम पट्ट्यात मणिपूरची चर्चा होती. मे 2023 पासून तिथे जो हिंसाचार झाला, त्याने इथल्या ख्रिस्ती घरांत अस्वस्थता आणली. किनाऱ्यावर चर्चा होती वाढवण बंदराची. 1998 मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू प्राधिकरणाने बंदराला नकार दिला होता, 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. जून 2024 मध्ये, म्हणजे मतदानानंतर महिन्याभरात, केंद्रीय मंत्रिमंडळाने 76 हजार कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. मच्छीमार विरोधात होते, पण ते मच्छीमार मांगेला, वैती, ख्रिस्ती कोळी अशा समाजांचे. त्यांना या जागेवर उमेदवार देता येत नाही. मल्हार कोळी आणि महादेव कोळी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, समुद्रावर जाणारा कोळी नाही. शहरात पाणी आणि लोकल. मुद्दे इतके वेगवेगळे, की एकाच खासदाराने त्या सगळ्यांवर बोलायचं म्हटलं तर कुठल्याच मुद्द्यावर धड बोलून होणार नाही.

सहा महिन्यांनी विधानसभेला वसईत तिरंगी लढत झाली. भाजपच्या स्नेहा दुबे पंडित 77,553, हितेंद्र ठाकूर 74,400, काँग्रेसचे विजय पाटील 62,324. एकगठ्ठा मतपेढी नावाची वस्तू वसईत खरोखर असती, तर असे जवळजवळ तीन सारखे ढीग पडले नसते. स्नेहा या विवेक पंडितांच्या कन्या. 2009 ला पंडितांना ज्या पट्ट्याने डोक्यावर घेतलं, त्यातल्या पुष्कळांना पंडित हे नाव कमळाजवळ पाहून काय वाटलं, ते त्या पट्ट्यातल्या कुठल्याही नाक्यावर ऐकायला मिळत होतं.

मग या व्यवस्थेचा हिशेब काय लागतो? आदिवासी समाजाच्या बाजूने पाहिलं तर राखीव जागेवाचून डहाणू-जव्हारचा माणूस दिल्लीत पोचला नसता, याबद्दल मला शंका नाही. बोस्नियाच्या ‘इतरां’ची तक्रार आणि गिरीजच्या मतदाराची तक्रार एका तागडीत घालता येत नाही. बोस्नियात तीन बलवान समाजांनी सत्ता आपसात वाटून घेतली. इथे शतकभर जमिनीवरून हाकलल्या गेलेल्या समाजाला एक दार मिळालं. पण त्या दाराची किल्ली शहराच्या खिशात राहते. निवडून यायचं तर नालासोपाऱ्याची मतं हवीत, म्हणून तिकीट त्यालाच, ज्याच्याबद्दल शहराला अडचण वाटत नाही. वनहक्क आणि पेसा कायद्यावर आक्रमक बोलणारा उमेदवार तिथे गैरसोयीचा. धर्मांतर केलेल्या आदिवासींना यादीतून काढा, अशी मागणी करणारे मोर्चे गेल्या काही वर्षांत जंगलपट्टीत निघतात, तेव्हा पश्चिमेचा ख्रिस्ती मतदार दचकतो. याच खासदाराकडे त्याने काय मागायचं, असा प्रश्न त्याला पडतो. त्याला लेबनॉनसारखी हक्काची जागा नको आहे. निदान माझ्या ऐकण्यात तरी ती मागणी गंभीरपणे कुणी केलेली नाही. त्याला हवाय तो खासदार, ज्याला बावखल म्हणजे काय, ते सांगावं लागणार नाही.

आता पुनर्रचना पुन्हा दारात आहे. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवर मतदारसंघ नव्याने आखले जातील, असं घटना सांगते, आणि 2027 ची जनगणना जाहीर झाली आहे. महिला आरक्षणही त्या आखणीला जोडलेलं आहे. वसई-विरारची वाढ पाहता हे शहर पालघरमधून वेगळं निघून स्वतंत्र, बहुधा खुला मतदारसंघ होईल, अशी चर्चा आताच सुरू आहे. तसं झालं तर डहाणू, जव्हार, मोखाड्याला त्यांची जागा शहराच्या दडपणाशिवाय परत मिळेल, आणि मला ते हवंच आहे. पश्चिम पट्ट्याचं गणित मात्र अवघड होईल. आज लाल बावट्याच्या आणि वारली गावांच्या जोडीने त्याचं मत कधी कधी निर्णायक ठरतं. उद्या समोर फक्त नालासोपारा आणि विरारच्या इमारती असतील. उमेदवारीचा कायदेशीर अडसर जाईल आणि कुपारी, वाडवळ, सामवेदी अशा कुणालाही अर्ज भरता येईल. त्या अर्जामागे उभी राहायला पूर्वेचा आदिवासी मात्र त्या मतदारसंघात फारसा नसेल, आणि 2009 च्या ऑक्टोबरसारखी मोट बांधायला जोडीदार शोधायचा झाला, तर तो नालासोपाऱ्याच्या चाळींतूनच शोधावा लागेल.